कलेजी आबांची, पाथरी मंदाची

जालना जिल्ह्यात हौसेनं फिरायला कुणी जात नाही. मीही गेले नव्हते. मी गेले ती एका म्हाताऱ्याच्या शौचाच्या तपासणीसाठी. हे मी जेवणाच्या टेबलावर सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. पण माझा धंदाच तसा आहे. जनावरांच्या पोटातले जंत हा माझा विषय. मुंबईत जनावरांच्या डॉक्टरांना तो शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. जन्म रत्नागिरीकडचा, त्यामुळे चिखल, जळवा आणि गोगलगाई यांच्याशी लहानपणापासूनच घरोबा.

तेव्हा नव्वदीचं दशक निम्मं उलटलं होतं. माझा जुना विद्यार्थी कडुबा काळे भोकरदन तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात होता. त्याचं पत्र आलं. इथल्या एका मेंढपाळाच्या शौचात लिव्हर फ्लूकची अंडी निघाली आहेत. जालन्याच्या एका डॉक्टरांनी मेंढ्यांचा रोग माणसाला लागल्याचं कागदावर लिहून दिलं आहे. गाव म्हणतं, शनिवारच्या बाजारात अख्खा कळप विका, नाहीतर तळ्याकडे फिरकू नका. मेंढ्या साठ आहेत आणि म्हाताऱ्याला दुसरं काही येत नाही. मॅडम, तुम्ही या.

लिव्हर फ्लूक म्हणजे लांबट पानासारखा चपटा जंत. मेंढ्या, गाई, म्हशी यांच्या यकृतात तो राहतो. त्याची अंडी शेणातून, लेंड्यांतून पाण्यात पडतात. आतलं पिल्लू गोगलगाईत शिरतं, तिथं वाढतं, बाहेर येतं आणि पाण्याकाठच्या पाल्याला बारीक दाण्यासारखं चिकटून बसतं. तो पाला ज्याच्या पोटात जाईल त्याच्या यकृतात नवा जंत. म्हणून हा जनावरांचा रोग, आणि माणसाला क्वचितच होणारा. वर्गात दर वर्षी मी एक वाक्य टाकायची, "कारण माणूस गवत खात नाही." पोरं हसायची आणि वहीत लिहून घ्यायची.

पत्र वाचतानाच मला अर्धं उत्तर सुचलं होतं. सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी उचलली आणि निघाले.

सोमवार

जालन्याच्या स्टेशनाबाहेर पडलं की पहिल्यांदा दिसतात त्या बियाण्यांच्या पाट्या. कापसाचं बोंड माणसाच्या डोक्याएवढं रंगवलेलं. काळे न्यायला आला होता. विद्यार्थिदशेत काडीसारखा होता, आता सुटलेल्या पोटावर सफारीची बटणं ताणली होती. भोकरदनच्या एस.टी.त पेटी मी मांडीवर घ्यायला हवी होती. शेजारच्या बाकावर ठेवली आणि राजूरच्या अलीकडे एका खड्ड्यानं ती खाली आदळली. भिंगं वाचली, पण खालून उजेड वर पाठवणारा आरसा फुटला. गावात दिवसभर वीज नसते हे काळेनं मला त्यानंतर सांगितलं.

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे बायकामाणसांच्या दुखण्याच्या गोष्टी आहेत. गावाच्या वर पाझर तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावानंच खडी फोडून, माती वाहून तो बांधला. फेब्रुवारीत सगळं रान कडब्याच्या रंगाचं झालेलं, आणि तलावाच्या काठानं मात्र हिरवा पट्टा. आमच्या कोकणात हिरवं दिसलं म्हणून कुणी मान वळवत नाही. इथं माणसं आणि जनावरं त्या पट्ट्याकडे तोंड करूनच जगतात. कोरड्या मुलखात हा ओल्या जागेचा रोग कसा, असं मला बरेच जण विचारतात. ओली जागा एकच असली की सगळ्यांची तोंडं तिथंच लागतात, म्हणून.

सांडूआबा, म्हणजे ज्यांच्यासाठी मी आले ते मेंढपाळ, आम्हाला घ्यायला फाट्यापर्यंत आले होते. पासष्टीचे असतील, पण चालताना काळे मागे पडला.

"बाई, मी बिमार हाय असं कागद म्हनतो," ते म्हणाले. "मला तर काहीच होऊन न्हाई राह्यलं. आता कागदाचं ऐकू का पोटाचं?"

"मग दवाखान्यात कशाला गेला होतात?"

"पायात काटा मोडल्ता. काटा राह्यला बाजूला, त्यायनं सारंच तपासलं."

आबांच्या वाड्यात, म्हणजे काटेरी कुंपणाच्या आत, एक मेंढी मान टाकून उभी होती. जबड्याखाली पाण्यानं भरलेली पिशवी लोंबत होती. हे फ्लूकचं लक्षण. आबांच्या घराण्यात रीत अशी की मरायला टेकलेलं मेंढरू आपल्या मरणानं मरू द्यायचं नाही, त्याआधी कापायचं. आणि कलेजीवर पहिला हक्क मालकाचा. त्या दिवशी तेच ठरलं होतं. मी म्हटलं, कापा, पण यकृत आधी मला द्या.

यकृत चिरलं तर नळ्यांमधून जंत बाहेर आले, चाळीस-पन्नास तरी. आबा शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी सवयीनं बोटानं जंत काढून टाकले आणि उरलेलं यकृत धुऊन ताटलीत ठेवलं.

"आबा, याआधी असं मेंढरू कधी कापलं होतं?"

"काटा मोडायच्या आदल्या दिशी."

मला हवं होतं ते मिळालं. पोटात गेलेला जंत कुणाला रोग देत नाही, शिजला की तो मेलाच. पण त्याची अंडी चिवट. ती यकृतात उरतात, शिजतात आणि खाणाऱ्याच्या पोटातून तशीच पार होतात. तपासणारा ती बघतो आणि म्हणतो, रोग आहे. आबांना रोग नव्हता, आबांनी कलेजी खाल्ली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण हे गावाला नुसतं सांगून पटलं नसतं. म्हणून मी जाहीर केलं की शुक्रवारपर्यंत आबांनी कलेजीला शिवायचं नाही, आणि आजची कलेजी मी खाणार. बघू माझ्यात अंडी दिसतात का.

ठकूबाई, आबांची बायको, चुलीपासून म्हणाली, "आमच्यात बायामान्सायला कलेजी वाढत न्हाईत."

आबांनी क्षणभर विचार केला. "डाक्टरला बाई-बुवा नसतं. वाढ."

तव्यावर परतलेली, काळ्या मसाल्याची आणि लसणाची ती कलेजी मी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली. विज्ञानासाठी इतकं चविष्ट काही मी आयुष्यात केलेलं नाही. समोर साठ मेंढ्यांचे मालक ठेच्याशी भाकरी खात होते आणि माझ्या ताटाकडे बघत नव्हते.

भाकऱ्या थापत होती ती त्यांची सून, मंदा. विशी-बाविशीची. एका हातानं थापायची आणि मध्येच दुसरा हात उजव्या बरगडीखाली दाबून धरायची. नवरा जालन्यात बियाण्यांच्या गोदामात कामाला, पंधरवड्यानं घरी यायचा.

"दोन म्हैने झाले, कण्हून राह्यली," ठकूबाई तिच्या देखतच म्हणाली. "ताप येतो म्हनती. कामाचा कंटाळा, दुसरं काय? होळी झाली की माह्यरी धाडते. बरी झाली तर येईल, न्हाई तर ऱ्हाईल तिकडंच."

जेवण झाल्यावर काळेनं आरशाची रड सांगितली, तेव्हा मंदा आत गेली आणि आपल्या फणेरपेटीतला वाटोळा आरसा घेऊन आली. लग्नातला होता. मी तो मेणानं सूक्ष्मदर्शकाच्या बुडाशी चिकटवला आणि तो बरोबर बसला.

बुधवार

शाळेच्या ओसरीवर ऊन चांगलं यायचं. तिथं मी दुकान मांडलं. शेण पाण्यात कालवायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं, साका बसला की वरचं पाणी ओतायचं, असं तीन-चार वेळा. शेवटच्या थेंबात निळा रंग. मग निळ्यावर फ्लूकची अंडी पिवळीधमक दिसतात. गाळणी ठकूबाईची होती. ती मी परत करू नये, असं तिनं निरोप पाठवून कळवलं.

स्वतःचा नमुना मी सकाळी ऊन येताच उरकला. तपशील वाचकांनी मागू नये. अंडी होती, आणि भरपूर होती. मी काळेला हाक मारली, त्यानं डोळा लावला, वर बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला बी झाला."

"दोन दिवसांत? अरे, या जंताला मोठं व्हायला तीन-चार महिने लागतात. शिकवलं होतं ना मी?"

तो ओशाळून हसला. त्या दिवशी माझा आनंद काय सांगू. तेवढ्यावर न थांबता गावातल्या यच्चयावत दावणींचं शेण आणायला लावलं. सरपंचांच्या दोन म्हशी, शाळेच्या शिपायाची गाय, तीन बैलजोड्या. बहुतेकांत अंडी निघाली. मेंढ्यांवर बोट दाखवणाऱ्यांच्या गोठ्यातच रोग होता.

संध्याकाळी काळे म्हणाला, सुनेचंही एकदा बघून टाका. बघितलं. मंदाच्या नमुन्यात काहीच नव्हतं. एकही अंडं नाही. मी तिला ठकूबाईच्या समोरच सांगितलं, "तुला काही झालेलं नाही. पोटभर जेव, ऊन टाळ."

ठकूबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या बाजूनं साक्ष दिली. मंदा खाली बघत निघून गेली. ते मी बघितलं आणि सोडून दिलं.

शुक्रवार

आबांचा नमुना सकाळी तपासला. चार दिवस कलेजी नाही, तर अंडी नाहीत. दुसऱ्यांदा तपासला, तरी नाहीत. माझं काम फत्ते झालं होतं. उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांना दाखवायला गोगलगाई गोळा कराव्या म्हणून मी एकटीच तलावावर गेले.

दुपारी आबांच्या मेंढ्या मंदा राखायची. मला बघून तिनं बांधावर पदरानं जागा झाडली आणि भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, एवढंच. मग ती उठली, पाण्याच्या काठच्या चिखलातून पाथरी उपटली, तलावाच्याच पाण्यात खळबळली आणि पानांवर मीठ भुरभुरून माझ्यापुढं केली. पाथरी ही रानभाजी त्या भागात कच्चीच खातात. किंचित कडू, कुरकुरीत असते म्हणतात. आमच्याकडे भाजी शिजवल्याशिवाय ताटात येत नाही, त्यामुळे मला अप्रूप होतं. मी पान उचललं आणि तोंडाशी नेलं.

पानावरून पाणी ठिबकत होतं. पलीकडे चार हातांवर मेंढ्या पाणी पीत होत्या. माझ्या दुसऱ्या हातातल्या बाटलीत त्याच चिखलातल्या गोगलगाई होत्या. मी पान खाली ठेवलं.

"मंदा, हे तू रोज खातेस?"

"दिवाळीपासून रोजच. घरी कालवन गडीमान्सायला पुरतं, मंग मागं काय राह्यतं? ही फुकटची हाय."

"आबा खातात?"

"गडीमान्सं पाला न्हाई खात."

"सासूबाई?"

"त्यायला दात कुठं हायेत?"

माणूस गवत खात नाही. वीस वर्षं सांगत आले होते. आणि पुरुषांच्या ताटातल्या कलेजीमागं चार दिवस धावताना या पोरीच्या भाकरीवर काय आहे ते मी विचारलंसुद्धा नव्हतं. कलेजी खाणाऱ्याला अंडी निघतात आणि रोग नसतो. पाला खाणारीला रोग असतो आणि पहिले काही महिने अंडी नसतात, कारण जंत अजून लहान असतो, यकृत पोखरत फिरत असतो. मी स्वतःच बुधवारी काळेला हेच ऐकवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"अंगावर गांधी उठतात का गं?"

"उठतात की. खाजून खाजून जीव जातो. तुमाला कसं कळलं?"

तिला घेऊन मी जवळजवळ पळतच शाळेत आले. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरला, रंग दिला, वाळवला आणि तिच्याच आरशानं उन्हाचा कवडसा वर पाठवला. शरीरात जंत शिरला की रक्तातल्या एका जातीच्या पेशी वाढतात, नारिंगी दाण्यांच्या. निरोगी माणसात पांढऱ्या पेशी शंभर मोजल्या तर त्या चार-पाच सापडतात. इथं निम्म्याहून जास्त होत्या. शंभर टक्के खात्री मोठ्या दवाखान्यातच होणार होती, पण मला शंका उरली नव्हती.

मला माझी लाज वाटली, आणि ती गिळून टाकायचं माझं वय राहिलेलं नाही. मी तिच्यासमोर बसले. "बुधवारी मी तुला चुकीचं सांगितलं. तुला आजार आहे. औषधानं बरा होईल."

"म्हंजी मला खरंच हाय?"

"आहे."

तिचे डोळे भरले. मला वाटलं घाबरली. ती म्हणाली, "बरं झालं बाई. मला वाटाया लागल्तं, मीच खोटी हाय."

शनिवार

सकाळी गाव पारावर जमलं. कळप बाजारात न्यायला टेम्पोसुद्धा सांगून ठेवलेला होता. काळे मला बाजूला घेऊन कुजबुजला, "मॅडम, मंदाचं आज बोलू नका. आबांच्या तपासणीचा आपला कागद दाखवा अन् जल्दी निघू. मेंढरांचा रोग मानसाला लागतो हे कळलं तर कळप गेलाच म्हणून समजा."

त्याचं चुकत नव्हतं. मी आले होते ते रोग लागलेला नाही हे सिद्ध करायला, आणि आता माझ्या हातात लागल्याचा पुरावा होता. पण मंदाबद्दल गप्प राहिले तर होळीनंतर ती माहेरी जाणार, आणि तिच्या जागी दुसरी कुणी बांधावर बसून पाथरी खाणार. मी ठरवलं, दोन्ही सांगायचं. फक्त क्रम माझा.

आधी आबांच्या तपासणीचा माझा कागद वाचला. माझ्या कलेजीची हकीकत सांगितली, तेव्हा गाव पोट धरून हसलं. मग सरपंचांना पुढे बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

"हे पिवळं पिवळं काय दिसून राह्यलं?"

"अंडी. याच रोगाची."

"आबाच्या मेंढ्यायची?"

"तुमच्या म्हशींची."

सरपंच बराच वेळ डोळा काढेनात. शिपाई म्हणाला, माझ्या गाईचं दाखवा. तेही दाखवलं. त्यानंतर मी मंदाचं सांगितलं, नाव घेऊन, तिला विचारून. तिला हा रोग आहे, तळ्याच्या पाल्यातून झाला, आणि तळ्यात तो एकट्या मेंढ्यांनी आणलेला नाही. गावातल्या बहुतेक दावणींचा त्यात वाटा आहे. उद्या आबांचा कळप विकलात तरी म्हशी तळ्यात डुंबणारच आहेत. साठ मेंढ्या जातील, रोग इथंच राहील.

सरपंचच म्हणाले, "मंग आता काय करायचं, ते सांगा."

सांगायला सोपं होतं. सगळ्या जनावरांना एकाच दिवशी औषध पाजायचं, एकही दावण सुटता कामा नये. बांधाच्या खाली विहिरीच्या पाण्यावर हौद बांधायचा, जनावरांनी तिथंच प्यायचं. काठचं गवत कापून, चांगलं वाळवून मगच जनावरांना घालायचं. आणि तळ्याकाठची पाथरी कच्ची खायची नाही, पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. हौदाच्या खर्चावरून तासभर वाद झाला. तो चालू असतानाच कुणीतरी टेम्पोवाल्याला परत पाठवलं. आबांनी फेटा काढला, झटकला आणि पुन्हा बांधला. एवढंच.

ठकूबाई सबंध वेळ बायकांच्या घोळक्यात उभी होती. आम्ही घरी आल्यावर मंदानं शेणाची पाटी उचलायला हात घातला, तर सासूनं ती तिच्या हातून काढून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

दुसऱ्याच दिवशी मंदाला मी आणि काळे औरंगाबादला घेऊन गेलो. सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले. या जंताचं औषध माणसासाठी तेव्हा सहज मिळत नव्हतं. तिथल्या एका भल्या डॉक्टरांनी खटपट करून मिळवलं आणि स्वतः देखरेख केली. मी जनावरांची डॉक्टर, माझं काम दारापर्यंतच होतं. आरसा परत द्यायला गेले तर मंदा म्हणाली, राहू द्या, दुसरा घेईन.

पुन्हा एकदा

दिवाळीनंतर मी परत गेले. त्यासाठी कुणाचं पत्र यावं लागलं नाही. हौद झाला होता, थोडा वाकडा, पण पाणी धरत होता. मंदा अंगानं भरली होती. गेल्या गेल्या तिचा नमुना घेतला, रक्त बघितलं. अंडी नाहीत, नारिंगी पेशी पुन्हा चार-पाचावर. तिनं मला पाथरी दिली, पण वाफवून, लसणाची फोडणी घालून. कच्ची जास्त चांगली लागायची असं तिनं सांगितलं आणि कच्ची कधी न खाताच मीही ते मान्य केलं.

त्या दिवशी आबांनी मेंढरू कापलं, चांगलं धडधाकट, माझ्यासाठी. यकृत मी सवयीनं चिरलं. दोन जंत निघाले. आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, चाळीस-पन्नासाचे दोनावर आले, औषध चुकवू नका, पुढच्या वर्षी हेही नसतील. आणि मला तसं खरंच वाटत होतं.

जेवायला बसलो. ठकूबाई कलेजीचा तवा घेऊन आली. आबांनी ताट पुढे केलं. ती त्यांना ओलांडून गेली, मलाही ओलांडून गेली आणि चुलीपाशी बसलेल्या मंदाच्या भाकरीवर तिनं पहिली कलेजी वाढली. आबांनी आपलं ताट तसंच धरून ठेवलं.

मंदानं एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि माझ्या पेटीकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "आता चार दिस मला तपासू नका."